गादीवालीचं पोटकंत्राट

बसमध्ये चढलं की माणसं खिडकीची जागा शोधतात, गादीवाली फाटकी सीट शोधायची. सापडली की तिथेच बसायची, भोकात बोट घालून आतला फोम चाचपायची, शिवण कुठून उसवली ते निरखायची आणि शेजारी कोणी नसलं की वाकून सीटच्या पोटाखाली हात घालायची. एकदा कंडक्टरने विचारलं, मावशी, काय हरवलंय? ती म्हणाली, माझं काही नाही, शिवणाऱ्याचं लक्ष हरवलंय. पुढच्या स्टॉपपर्यंत त्या बिचाऱ्याने तिच्यावरची नजर हलवली नाही. न जाणो, बाई सीटच काखोटीला मारून उतरायची.

तिचं दुकान म्हणजे पुढे एक, मागे एक अशा दोन खोल्या आणि लोखंडी शटर. पुढच्या खोलीत कापणीचं लांबलचक टेबल. मागच्या खोलीत जाड कापडाची दोन शिलाई मशिनं, भिंतीला रेक्झिनच्या गुंडाळ्या उभ्या, फोमचे तक्ते थेट छताला टेकलेले, आणि सगळीकडे चिकटवायच्या सोल्युशनचा असा वास की नवं माणूस शिंकल्याशिवाय आत येत नसे. कामं यायची ती फुटकळ. न्हाव्याच्या खुर्चीची पाठ, कुणाच्या स्कूटरची सीट, कुणाचा बसका सोफा. एकदा दातांच्या डॉक्टरांची ती आडवी होणारी खुर्ची आली. ती पोचवायला वन्संही गेल्या आणि मऊपणा बघावा म्हणून स्वतः त्यात टेकल्या. डॉक्टरांनी सवयीने तोंड उघडायला सांगितलं, वन्संनी सवयीने उघडलं. परत येताना एक दाढ तिथेच राहिली. काम चोख झालं, पण वन्सं आठवडाभर पेजेवर होत्या आणि दोष मात्र भावजयीला देत होत्या.

वन्सं म्हणजे गादीवालीची थोरली नणंद. नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आल्या त्या रिकाम्या बसेनात. महिन्याभरात जड मशिनीवर त्यांचा असा हात बसला की मशीन दुसऱ्या कुणाला दाद देईना. हाताखाली शेजारच्या दोन पोरी होत्या. आणि मग होते गादीवालीचे यजमान. गल्ली त्यांना रावसाहेब म्हणायची. कारण साधं होतं. ते ज्या दुकानात नोकरीला होते ते बंद पडलं, पण त्यांच्या शर्टाची इस्त्री काही बंद पडली नाही. आता ते टेम्पोतून माल आणायचे, पोचवायचे, आणि मधल्या वेळात शटरशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचायचे. येणारा-जाणारा त्यांनाच मालक समजायचा. ते कुणाची समजूत मोडत नसत. गादीवालीही मोडत नसे. घरातल्या माणसाचा मान राखायला काही खर्च येत नाही, असं तिचं मत होतं. खर्च येतो, हे तिला पुढे कळलं.

तर अशा फुटकळ कामांत वर्षं चालली होती, आणि गादीवालीच्या मनात बस बसली होती. एका बसमध्ये किती सीटा, अशा किती बसा. ही सगळी फाटकी बिऱ्हाडं कुणीतरी शिवतंच ना? मग आपण का नाही? बस सरकारची, म्हणजे काम सरकारकडे, असा सरळ हिशोब करून तिने वन्संना स्कूटरवर मागे बसवलं आणि सरकारी कचेरी गाठली. तिथे या खिडकीने त्या खिडकीकडे पाठवलं, त्या खिडकीने जेवणाची सुट्टी दाखवली. शेवटी चौकशीच्या खिडकीत एक बाई भेटली, तिच्या स्वतःच्या खुर्चीचा फोम बाहेर आला होता. गादीवालीने आधी ती खुर्ची कशी दुरुस्त होईल ते सांगितलं, मग आपलं काम. त्या बाईने पेन खाली ठेवून नीट समजावलं. सरकार तुमच्याकडून सीटा घेणार नाही, म्हणाली. सरकार अख्खी गाडी घेतं. पण गाड्या बांधायचं मोठं काम ज्या कारखान्याला मिळतं, त्याला अट असते. कामाचा ठराविक भाग बायकांच्या मालकीच्या छोट्या धंद्यांना द्यायचा. याला पोटकंत्राट म्हणतात. तेव्हा सरकारच्या दारात उभं राहू नका, ज्याला काम मिळालं त्याचं दार शोधा.

कुणाला मिळालं ते मात्र तिलाही ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटरवर असतं म्हणाली, आणि कॉम्प्युटर आज बंद होता. उद्या या.

दोघी बाहेर आल्या. वन्सं पुटपुटत होत्या की एवढ्या वेळात दोन सोफे झाले असते. तेवढ्यात रस्त्यावरून विचित्र वरात चालली. नव्या बसचे नुसते सांगाडे, एकामागून एक. खाली चाकं, पुढे इंजिन, वर स्टिअरिंग, बाकी सगळं उघडं. ना छप्पर, ना दार, ना खिडकी. ड्रायव्हर लोक तोंडाला फडकं गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल चढवून, लाकडी खोक्यांवर बसून वारा खात चाललेले.

वन्सं म्हणाल्या, "अगं, या गाड्या कपडे न घालताच निघाल्या की."

"जिथे कपडे घालतात तिथेच निघाल्या असतील," गादीवाली म्हणाली. "वन्सं, मला घट्ट धरा."

आणि तिने स्कूटर त्या वरातीच्या मागे लावली. शहर संपलं, गोदामं संपली, विटांच्या भट्ट्या लागल्या. वन्संनी आधी भावजयीला धरलं होतं, मग डोळे मिटले, मग माहेरच्या आणि सासरच्या सगळ्या मेलेल्या माणसांची नावं घ्यायला सुरुवात केली. एका टपरीवर ड्रायव्हर चहाला थांबले तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. गादीवाली सरळ शेवटच्या ड्रायव्हरकडे गेली. खोक्यावर बसून त्याची कंबर धरली होती, तो वाकडाच उभा होता. स्कूटरच्या डिकीत तिच्याकडे फोमचा एक तुकडा कायम असे. तो तिने त्याच्या खोक्यावर ठेवला आणि म्हणाली, बसून बघ. तो बसला आणि त्याचा चेहराच बदलला. मग त्याने न विचारता सगळं सांगितलं. कारखाना पुढच्या फाट्यावर आहे, खरेदीच्या साहेबांना भेटायचं, सकाळी भेटायचं, दुपारी ते कुणालाच आवडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या साहेबांसमोर उभी होती. साहेब जाडजूड, चष्मा कपाळावर, बोलणं तुटक. बायकांचा धंदा म्हटल्यावर त्यांनी लांब सुस्कारा सोडला. मागच्या खेपेला एका बाईंच्या नावावर काम दिलं होतं, त्यांनी सांगितलं. त्या बाई कधी दिसल्याच नाहीत. आधी त्यांचा दीर यायचा, मग भाऊ यायला लागला, मग त्या दोघांचं भांडण झालं आणि माल यायचाच थांबला. तपासणीत सगळं उघडं पडलं आणि बोलणी खाल्ली साहेबांनी. तेव्हा आता त्यांचं एकच म्हणणं होतं. सरकारी माणूस तुमच्या दुकानात येऊन बघून जाऊ दे, मालकीण खरी आहे असा दाखला मिळू दे, मग बोलू. तोवर हवं तर नमुन्याची सीट आणा.

नमुना तिने जीव ओतून केला. गुडघ्यामागे घासतं तिथे शिवण येऊ दिली नाही, ती खाली वळवून घेतली. उभे प्रवासी जिथे हाताने घट्ट पकडतात त्या कोपऱ्याला आतून दुहेरी पट्टी दिली. साहेब त्या सीटवर सगळं वजन टाकून बसले, उठले, पुन्हा आदळले. खिशातल्या किल्लीने ओरखडा काढला. मान डोलावली. मग लायटर काढला आणि कडेचा तुकडा पेटवला. रेक्झिन भसकन वितळलं आणि काळं थेंब थेंब गळायला लागलं.

बसमध्ये हे चालत नाही, साहेब म्हणाले. आग धरणार नाही असंच कापड लागतं, फोमही तसाच. तिला हे माहीतच नव्हतं, आणि माहीत नाही असं तिने तोंडावर कबूल केलं. ते साहेबांना आवडलं असावं, कारण त्यांनी कपाटातून त्या कापडाचा तुकडा काढून दिला, कुठे मिळतं ते सांगितलं आणि आतून कसं चिकटवायचं तेही दाखवलं. दुसरा नमुना पेटलाच नाही. साहेब म्हणाले, काम तुमचं. पण दाखला महिनाअखेरच्या आत. नाहीतर सांगाडे उघडे उभे राहतील, ते मला परवडणार नाही, मी दुसरं कोणी बघेन.

म्हणजे सगळं आता सरकारी माणसाच्या त्या एका भेटीवर येऊन ठेपलं. दाखला मिळाला तर दोन खोल्यांच्या चार खोल्या, दोन पोरींच्या दहा पोरी. नाही मिळाला तर पुन्हा न्हाव्याची खुर्ची.

भेटीचा दिवस ठरला आणि घरात एकच धांदल उडाली. या घरात कोणी मोठं माणूस आलं की काय करायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. जागा झाडून चकचकीत करायची, घरच्या पुरुषाने खुर्चीत बसून बोलायचं, बायकांनी आतून चहा आणायचा. वन्संनी सूत्रं हातात घेतली. मशिनींवर धुतलेल्या चादरी घातल्या. फोमचे तक्ते मागच्या अंगणात, रेक्झिन पडद्याआड. दोन्ही पोरींना सुट्टी. कापणीच्या टेबलावर टेबलक्लॉथ आणि फुलदाणी. त्या खोलीला बघून कुणाला वाटलं असतं की इथे कविता वाचतात. एक खुर्ची खास मखमलीत मढवली, तीत कडक इस्त्रीचे रावसाहेब. आणि बाजारात फोमवाल्याला घाम फोडणारी गादीवाली ठेवणीतले कपडे घालून आतल्या खोलीत बशीत बिस्किटं मांडत बसली. एकाच्याही डोक्यात आलं नाही की सरकार जे बघायला येतंय तेच आपण झाकून ठेवतोय.

तपासनीस आल्या त्या एक प्रौढ बाई. पायांत दमलेल्या चपला, काखेत फाइल. त्यांनी विचारलं, धंदा कोण चालवतं? रावसाहेब म्हणाले, आम्हीच. दर कोण ठरवतं? मीच बघतो की सगळं. माल कुठून घ्यायचा ते? तेही आपल्याकडेच. त्यांच्या मनात पाप नव्हतं. पण समोर सरकार, खाली मखमल, अंगावर इस्त्री, आणि दारात न्हावी उभा. तो खुर्चीची चौकशी करायला आला होता आणि गल्लीत रावसाहेब रावसाहेब करण्यात तोच सगळ्यांत पुढे. त्याच्यासमोर जीभ घसरली ती घसरतच गेली. आत गादीवालीला सगळं ऐकू येत होतं. चहा झाला की बाहेर जाऊन बोलू, असं ती स्वतःला सांगत राहिली. पाहुण्यासमोर नवऱ्याचं बोलणं मधेच तोडायचं या घरात कधी झालंच नव्हतं.

ती ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा तपासनीस बाईंनी फाइल मिटली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला जे दिसलं ते मी लिहिणार. धंदा यजमानांचा, नाव तेवढं बाईंचं."

गादीवालीने ट्रे खाली ठेवला. आवाज जरा वर चढला. "बाई, तुम्ही पाहिलं ते आमचं पाहुणचाराचं सोंग. दुकान तुम्ही अजून पाहिलंच नाही."

"मग आधी का नाही दाखवलं?"

"लाज वाटली. केसांत फोमचा भुगा घेऊन सरकारपुढे कसं यायचं?"

"मी तर तो भुगाच बघायला आले होते," तपासनीस बाई म्हणाल्या.

गादीवालीने सरळ मशिनीवरची चादर ओढली आणि बसून दाखवते म्हणाली. पण त्या बाईंनी हात वर केला. असं मशिनीवर बसून दाखवणाऱ्या पुष्कळ जणी त्यांनी पाहिल्या होत्या. पाच मिनिटं कोणीही बसतं. मशीन चालवता येतं म्हणजे मालकी सिद्ध होत नाही, उलट ती कामगार आहे असंही म्हणता येईल. मालक कोण, ते हुकूम कुणाचा चालतो त्यावर ठरतं, त्या म्हणाल्या, आणि हुकूम तर मघाशी ऐकला.

गादीवालीने नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती मागणी झाली असती, आणि अशी मागणी तिने आयुष्यात केली नव्हती. रावसाहेब बुटांकडे बघत होते. दारात न्हावी कान टवकारून उभा. मग ते मखमलीवरून उठले, शर्ट खाली ओढला, आणि जरा मोठ्यानेच, न्हाव्यालाही ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, मी इथे कामाला आहे. टेम्पो चालवतो. पगार हिच्याकडून घेतो. मघाशी बोललो ती सगळी थाप होती."

तपासनीस बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ही थाप नाही कशावरून? पगार देते म्हणता, मग कधी कापलाय का?"

हा प्रश्न विचारायलाच नको होता, किंवा हाच विचारायला हवा होता. कारण रावसाहेबांचा चेहरा एकदम लाल झाला.

"कापलाय का म्हणजे? मागच्याच महिन्यात कापला. आणि माझा काडीचा दोष नसताना."

"काडीचा दोष नाही?" गादीवाली फिरली. सरकार समोर आहे हे ती त्या क्षणी विसरली. "फोमचा टेम्पो भर रस्त्यात उभा करून पत्त्यांचा डाव बघत कोण उभं होतं?"

"डाव रंगला होता. आणि मी खेळत नव्हतो, नुसता बघत होतो."

"नुसतं बघायला अर्धी दुपार लागते? बाई, रस्ता धुवायची गाडी आली आणि सगळा फोम धुऊन गेली. फोम म्हणजे स्पंज. वाळवायला आम्ही तो दोरीवर टाकला, मधेमधे पिळला, आणि वन्संना त्या ओल्या फोमच्या वासाने सर्दी झाली."

"ती गाडी सरकारची होती," रावसाहेब तपासनीस बाईंकडे वळून दाद मागू लागले. "तुमचीच म्हणा की. पाणी सरकारने मारलं आणि पगार माझा कापला. हा कुठला न्याय?"

"ताडपत्री दिली होती ती का नाही टाकली?"

"ताडपत्रीवर ते पत्ते खेळत होते."

हे आजवर त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. वन्संनी कपाळाला हात लावला आणि तपासनीस बाईंना म्हणाल्या, हा माझा सख्खा पाठचा भाऊ, मी याला अंगाखांद्यावर खेळवला, पण पगार कापला ते बरोबरच केलं, मी असते तर टेम्पोही काढून घेतला असता. रावसाहेब म्हणाले, तू तर कायम तिचीच बाजू घेतेस. वन्सं म्हणाल्या, घेणारच, मला पण तीच पगार देते. दारातला न्हावी हसू दाबता दाबता खोकायला लागला.

तपासनीस बाईंनी आता आरामात खुर्ची ओढली, गार झालेला चहा उचलला आणि भांडण संपेपर्यंत मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर मात्र त्यांनी सगळं कसून विचारलं. आग न धरणारं कापड कुठून घेणार, पोरींना काय देणार, माल परत आला तर जबाबदारी कुणाची. गादीवाली उभ्या उभ्या उत्तरं देत होती आणि देता देता तिने टेबलावरची फुलदाणी उचलून नवऱ्याच्या हातात दिली होती, टेबलक्लॉथ ओढला होता, आणि खडूने सीटचा आराखडा मारून दाखवायला सुरुवात केली होती. रावसाहेब फुलदाणी धरून उभे होते. कुठे ठेवू, असं त्यांनी विचारलं. तिने मान वर न करता बोट दाखवलं, आणि त्यांनी तिथे नेऊन ठेवली. तपासनीस बाईंनी फाइल उघडली आणि मघाचं लिहिलेलं खोडलं.

जाताना त्या वन्संना एवढंच म्हणाल्या, पुढच्या वेळी झाडू नका.

दाखला महिनाअखेरच्या आत आला. खरेदीच्या साहेबांनी सगळ्या बसा काही दिल्या नाहीत, आधी थोड्या दिल्या, हात बघू म्हणाले. पहिल्या सीटा वेळेवर गेल्या, मग उरलेल्या मिळाल्या. शेजारचं बंद पडलेलं गोदाम भाड्याने घेतलं. हातही वाढले, त्यात मागे दिराच्या आणि भावाच्या भांडणात जिचं काम बुडालं होतं ती बाईही शिवायला आली. मालकीण म्हणून नाव लागलेलं असताना आपण एकही सीट हातात धरली नव्हती, असं तिने स्वतःच सांगितलं. गादीवालीने तिला आधी शिवण शिकवली आणि मग तिच्याच नावाचा दाखला नव्याने कसा काढायचा तेही सांगितलं. वन्सं म्हणाल्या, उद्या हीच तुझ्यासमोर दर पाडून उभी राहील. गादीवाली म्हणाली, राहू दे, बसा काही कमी नाहीत.

दाखला आला त्या संध्याकाळी रावसाहेब टेम्पो पुसत होते. गादीवाली बाहेर आली आणि म्हणाली, ते फोमचे कापलेले पैसे परत देते, एवढं तुम्ही कमावलंत.

रावसाहेबांनी फडकं पिळलं, झटकलं आणि आरशावर वाळत घातलं. "नको," ते म्हणाले. "दाखला दर काही वर्षांनी नव्याने काढावा लागतो म्हणतात. त्या बाई परत येतील. तेव्हा भांडायला काहीतरी हवं ना."

ती हसली. मग टेम्पोच्या हौद्यात डोकावून म्हणाली, "बरं. उद्या लवकर या कामावर. आणि ताडपत्री नवीन आणा, तुमच्या पगारातून."